एकेटीच्या गोळ्या आणि नणंदबाईंचा भुईआवळीचा काढा

पत्र: ताई नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहते. मिस्टरांना (वय 44) फुप्फुसाचा टीबी निघाला, एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) सुरू होऊन दीड महिना झालाय, रोज चार गोळ्या. मोठ्या नणंदबाई उमरेडहून आल्या आणि त्यांनी सोबत भुईआवळीचा काढा, गुळवेल सत्व आणि एक लिव्हरचं आयुर्वेदिक टॉनिक आणलं. म्हणतात, या गोळ्या लिव्हर जाळतात, काढा घेतला तर लिव्हर वाचते, उंदरांवर प्रयोग झालेत. व्हॉट्सअपवर तसा एक लेख पण पाठवला त्यांनी. मिस्टरांची लघवी लाल-नारिंगी होते, मला तर कावीळच वाटली. मागच्या आठवड्यात एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) 62 आली, रिपोर्टवर नॉर्मल 40 पर्यंत लिहिलंय. आठ दिवसांपासून काढा सुरू आहे, डॉक्टरांना सांगितलं नाही, रागावतील म्हणून. नणंदबाईंचं मन पण मोडवत नाही. काय करू? घरात तेल-तूप, हळद सगळं बंद केलंय. – एक वाचक

अहो, सगळ्यात आधी लघवीचं बोलू, कारण तुमची अर्धी झोप तिनेच उडवलेली दिसते. चार गोळ्यांच्या त्या पट्टीत रिफाम्पिसिन नावाचं औषध आहे, त्याचा रंगच विटेसारखा, ते पोटात गेलं की लघवी नारिंगी होते, घाम आणि डोळ्यातलं पाणी पण थोडं रंगतं, पांढरं बनियन खराब होते. ही कावीळ नाही. कावीळ बघायची डोळ्यात. सकाळी त्यांना खिडकीपाशी उभं करा, खालची पापणी ओढा, बुबुळाभोवतीचं पांढरं पांढरंच आहे ना तेवढं बघा. रिफाम्पिसिनच्या रंगाने ते पिवळं होत नाही. लघवी मोहरीच्या तेलासारखी, काळ्या चहासारखी गडद झाली आणि डोळे पण पिवळट दिसले, तर मात्र गोष्ट वेगळी, त्याच्यावर पुढे येते.

आता तो 62 चा आकडा. मी डॉक्टर नाही, बी.फार्म. करून मेडिकल चौकाच्या अलीकडे अठ्ठावीस वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभी होते, त्यामुळे मी काय सांगते ते ऐका पण रिपोर्ट दाखवायचा तो तुमच्या टीबीच्या डॉक्टरांनाच. 40 च्या वरच्या टोकाला 62 म्हणजे दीडपट. नियम साधारण असा आहे की काहीच त्रास नसताना एसजीपीटी पाचपटीच्या वर गेली, किंवा मळमळ-उलटी-पोटदुखी असा त्रास असताना तीनपटीच्या वर गेली, तर गोळ्या थांबवतात. तुमच्याकडे 200 च्या पुढे म्हणजे पाचपट, 120 च्या पुढे म्हणजे तीनपट. तुम्ही अजून खूप अलीकडे आहात. आणि एक गंमत सांगते जी काढ्याच्या गोष्टीशी थेट जोडलेली आहे: त्या चार औषधांमधलं आयसोनियाझिड सुरू केल्यावर शंभरात दहा-वीस जणांची एसजीपीटी थोडीशी वर जाते आणि गोळ्या चालू असतानाच आपोआप खाली येते. लिव्हर जुळवून घेते म्हणा ना. आता विचार करा, नेमकं त्याच आठवड्यात कोणी काढा सुरू केला आणि पुढच्या रिपोर्टमध्ये 62 चे 38 झाले, तर नाव कोणाचं होणार? काढ्याचंच ना! आणि नणंदबाई उमरेडला जाऊन आणखी चार घरी सांगतील, तेही अगदी खऱ्या मनाने.

आपल्याकडे काविळीच्या औषधांची जी ख्याती आहे ना, त्यातली बरीचशी याच वाटेने आली असं माझं मत. लहान मुलांची, तरुणांची बहुतेक कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए नाहीतर ई, खराब पाण्यातून येते, चार-सहा आठवड्यांत बहुतेकांची आपोआप बरी होते. त्या दिवसांत माळ घातली, नाकात थेंब टाकले, भुईआवळी वाटून ताकात दिली, काहीही केलं तरी पेशंट बराच होणार होता. माझ्या आजीने पण आम्हाला भुईआवळी दिलीये आणि मी बरी झालेय, म्हणून मी हसत नाहीये कोणाला. फक्त एवढंच की व्हायरसची कावीळ आणि गोळ्यांनी लिव्हरला होणारी इजा, या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि एकीचं औषध दुसरीला चालेल असं धरून चालता येत नाही.

भुईआवळीचा मोठा गाजावाजा झाला तो 1988 साली. मद्रासच्या डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी व्हायरस अंगात असलेल्या 37 लोकांना ती दिली, 22 जणांच्या रक्तातून त्या व्हायरसची खूण गेली, आणि नुसती खोटी गोळी दिलेल्या 23 जणांपैकी एकाचीच गेली. लॅन्सेट नावाच्या मोठ्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं, जगभर गडबड झाली. पण नंतर दुसऱ्यांनी करून पाहिलं तेव्हा तसा रिझल्ट काही आला नाही. आणि मुळात तो प्रयोग व्हायरसचा होता, टीबीच्या गोळ्यांचा त्यात कुठे प्रश्नच नव्हता.

आता तुमच्या व्हॉट्सअपच्या उंदरांवर येऊ. हा विषय मला जवळचा आहे बाप्पा, कॉलेजात असताना सिनियरांच्या प्रोजेक्टसाठी पिंजरे धुतलेत मी. या प्रयोगांचा साचा बहुतेक ठिकाणी एकच असतो. उंदराला आधी काही दिवस झाडाचा अर्क पाजायचा, मग एक दिवस कार्बन टेट्राक्लोराइड नाहीतर पॅरासिटामॉलचा मोठा डोस देऊन लिव्हर मुद्दाम बिघडवायचं, मग रक्त काढून एसजीपीटी मोजायची आणि लिव्हरची चकती कापून मायक्रोस्कोपखाली बघायची. तुलनेला एका गटाला सिलीमारिन, म्हणजे युरोपातल्या मिल्क थिसल या काटेरी झाडापासून काढलेलं औषध. आणि या साच्यात टाकलं की ढीगभर झाडं पास होतात, माका, पुनर्नवा, कुटकी, काळमेघ, हळद, अगदी कढीपत्ता सुद्धा. कारण सोपं आहे, या झाडांमध्ये अँटीऑक्सिडंट भरपूर असतात आणि पॅरासिटामॉलची इजा होते ती त्याच्यापासून लिव्हरमध्ये तयार होणाऱ्या एका विषारी तुकड्यामुळे, तो तुकडा लिव्हरमधलं ग्लुटाथायोन, म्हणजे लिव्हरचं स्वतःचं अँटीऑक्सिडंट, संपवून टाकतो, आणि अँटीऑक्सिडंटने ती पडझड कमी होते. प्रयोग खोटा नाहीये. पण हिशोब करून बघा ना. त्यात उंदराला पॅरासिटामॉल द्यायचे किलोमागे दोन-तीन ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सरळ वजनाने लावलं तर 120 ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या 240 गोळ्या एका दमात. आणि अर्क द्यायचे किलोमागे 200 ते 400 मिलिग्रॅम, म्हणजे माणसाला 12 ते 24 ग्रॅम सुका अर्क रोज, तो काढायला पाला किती लागेल याचा अंदाज तुम्हीच करा. उंदीर आणि माणसाचा डोस असा सरळ वजनाने लावत नाहीत हे मला माहीत आहे, पण नणंदबाईंच्या अर्ध्या वाटी काढ्यात नक्की किती काय आहे हे कोणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही.

शिवाय टीबीच्या गोळ्यांनी लिव्हरला जे होतं ते असं एका दिवसात एका झटक्यात होत नाही. रोज चार गोळ्या, दोन महिने, मग पुढचे चार महिने तीन औषधं. आयसोनियाझिड शरीरात किती वेगाने मोडतं हे माणसाच्या जनुकावर असतं, काहींचं हळू मोडतं आणि त्यांना धोका जास्त. काहींना तर डोसचा संबंध न ठेवता, ऍलर्जीसारखी इजा होते. निरोगी, एका जातीच्या, एका पिंजऱ्यातल्या उंदरांवरून हे कसं कळणार? काविळीचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या दोन महिन्यांत, म्हणजे तुम्ही नेमक्या त्याच पट्ट्यात आहात.

हां, आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर म्हणाल ताई एकतर्फी बोलून राहिल्या. माणसांवर काहीच झालं नाही असं नाही. 2008 साली आपल्याच देशातल्या टीबी पेशंटवर एक अभ्यास छापून आला, त्यात गोळ्यांसोबत करक्युमिन (हळदीतला मुख्य घटक) वाढवलेली हळद आणि गुळवेल दिली होती. नुसत्या गोळ्या घेणाऱ्या 192 पैकी 27 जणांच्या लिव्हरला त्रास झाला, हळद-गुळवेलवाल्या 316 पैकी फक्त दोघांना. आकडा भारी आहे, मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पण दोनदा वाचला. पण एका अभ्यासावर अख्खा देश औषध घेत नाही, आणि त्याच गुळवेलीचं पुढे काय झालं ते ऐका. कोरोनाच्या काळात काढा प्यायची लाट आली, आठवते ना, आपल्याकडे बर्डी-इतवारीपासून सगळ्या दुकानांत गुळवेलीच्या कांड्या विकत होते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा पेशंट सांगितले, गुळवेल घेतली आणि लिव्हरला सूज आली. 2022 मध्ये देशातल्या 13 सेंटरचे मिळून असेच 43 पेशंट छापून आले. शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटते तसला प्रकार होता बऱ्याच जणांत. आयुष मंत्रालयाने मान्य केलं नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असेल म्हणाले. आता बघा, ते बरोबर असले तरी आपला प्रश्न सुटतो काय? उलट वाढतो. इतवारीतून आणलेल्या वाळक्या कांडीवर कुठे लिहिलं असतं ती कोणती वेल आहे? भुईआवळीचं पण तेच, एकसारख्या दिसणाऱ्या तीन-चार जाती एकाच पोत्यात येतात. हळदीच्या तीव्र गोळ्यांनी, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलने पण लिव्हर खराब झालेली माणसं आहेत, परदेशात त्याची नोंद आहे. स्वयंपाकातली हळद सोडून द्या, तिचा काही दोष नाही, ती तुम्ही काहून बंद केली कळत नाही, आजच भाजीत टाका.

आणि मला सगळ्यात जास्त जे बोचतं ते हे. आपल्या देशात औषधांमुळे लिव्हर बिघडलेल्या पेशंटांची एक मोठी नोंद आहे, वेगवेगळ्या हॉस्पिटलांतून मिळून 1288 जण. त्यात पहिला नंबर टीबीच्या औषधांचा, जवळजवळ 46 टक्के. म्हणजे नणंदबाईंची भीती काही उगाच नाहीये, ते मान्य करा आधी आणि त्यांनाही तसं सांगा. पण दुसऱ्या नंबरच्या आसपास कोण? आयुर्वेदिक आणि बाकी जडीबुटीची औषधं, सुमारे 14 टक्के. तुमच्या घरी आज एकाच ताटात पहिला आणि दुसरा नंबर दोन्ही वाढून ठेवलेत. उद्या मिस्टरांची एसजीपीटी 300 झाली तर डॉक्टर कोणाला धरतील? काढ्याबद्दल त्यांना माहीतच नाही, ते गोळ्यांना धरतील. सगळ्या गोळ्या बंद, मग लिव्हर खाली येईपर्यंत थांबायचं, मग एकेक औषध परत सुरू करून बघायचं कोणामुळे झालं, आठवडे जातात. आणि चोर काढा असेल तर तो तर चालूच राहणार, कारण तो लिव्हरचं औषध म्हणून घरात बसलाय. मग ज्या औषधाचा काहीच गुन्हा नव्हता ते कायमचं काढलं जाईल, पुढचा कोर्स लांबेल, कमजोर होईल. टीबीत हे महागात पडते.

मिरी-पिंपळीचं पण एक ध्यानात घ्या, काढ्यात हमखास असते. त्यातलं पायपेरिन रिफाम्पिसिनची रक्तातली पातळी वाढवतं, हे जम्मूच्या सरकारी लॅबने शोधलं आणि त्याच्यावरून कमी रिफाम्पिसिनची गोळी पण बनवली. म्हणजे झाडं आणि गोळ्या पोटात एकमेकांशी बोलतात, आपल्याला सांगून नाही बोलत एवढंच. भाजीतल्या मिरीची काळजी नका करू, मी चमचाभर त्रिकटू (सुंठ-मिरी-पिंपळीचं चूर्ण) रोज दोनदा घेणाऱ्यांबद्दल बोलतेय.

मग लिव्हर वाचवायला काय करायचं, हे विचारलं नाही तुम्ही पण मनात तेच आहे. पहिलं म्हणजे दारू. पत्रात तुम्ही काही लिहिलं नाही, तरी विचारते, शनिवारी मित्रांबरोबर "थोडीशी" आहे काय? असेल तर या सहा महिन्यांत ती थोडीशी पण नको, सावजीच्या मटणाबरोबर सुद्धा नाही, आणि नणंदबाईंना भावाला कशावरून रागवायचं असेल तर यावरून रागवू द्या, त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा जास्त चालेल. दुसरं पॅरासिटामॉल. ताप आला, अंग दुखलं की घरातली पट्टी काढून तोंडात टाकतो आपण, वरून सर्दीची गोळी, तिच्यातही तेच असते, वरून डोकेदुखीची, तिच्यातही. डोस डॉक्टरांना विचारून घ्या आणि घरातल्या सगळ्या पट्ट्यांच्या मागचं बारीक नाव एकदा वाचा, तिथे कळेल एकच औषध किती रूपात बसलंय. तिसरं, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली नसेल तर विचारा, आधीपासून लिव्हरमध्ये काही असेल तर गोळ्या जपून द्याव्या लागतात. वजन पण प्रत्येक वेळी करा, गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, 50 ते 64 किलोला रोज चार, खाली गेलं तर डॉक्टर बदलतील.

तेल-तूप बंद केलंत ते मात्र बिलकुल बरोबर नाही. टीबीच्या माणसाचं वजन आधीच उतरलेलं, त्याला पिवळ्या काविळीचं पथ्य लावून उसाच्या रसावर ठेवलं तर दोन्हीकडून मार. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात रसवंतीवरचा बर्फ कुठल्या पाण्याचा ते आपल्याला माहीत नाही, खऱ्या काविळीचा व्हायरस तिथूनच यायचा. अंडी, वरण, दाणे, दही, मासोळी, भाकरीवर थोडं तूप, जे पचते ते द्या. सरकारचे निक्षय पोषणचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला हजार झालेत, ते खात्यात येतात की नाही टीबी सेंटरवर विचारून घ्या, बरेच लोक अकाउंट लिंक करायचंच विसरतात.

धोक्याच्या खुणा नीट लक्षात ठेवा, खरं संरक्षण यांचंच आहे. भूक एकदम मरणं, पोळीच्या वासाने मळमळणं, उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, खूप थकवा, अंगाला खाज, डोळे पिवळे. यातलं काही दिसलं की "बघू दोन दिवस" नाही, आणि "काढा वाढवू" तर नाहीच नाही. पुढची गोळी घ्यायच्या आधी त्याच दिवशी टीबी सेंटर गाठा, जिथे कार्ड आहे तिथे, रात्र असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, मेयो हॉस्पिटल किंवा मिहानचं एम्स जे जवळ पडेल तिथली इमर्जन्सी. पण त्रास काहीच नसेल तर भीतीने मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, अर्धवट एकेटीने होणारा हट्टी टीबी हा काय प्रकार आहे ते मी काउंटरवरून पाहिलंय, नको ते.

आता नणंदबाई. त्यांना "तुमचा काढा विष आहे" म्हणू नका, कारण ते खरं पण नाही आणि त्याने काही साधणार पण नाही. म्हणा, ताई, डॉक्टर म्हणाले सहा महिने पोटात दुसरं काही नको, म्हणजे रिपोर्ट बिघडला तर कारण लगेच सापडते. ही गोष्ट उमरेडच्या बाईला लगेच पटते, शेतात एकाच वेळी दोन फवारण्या केल्या तर पीक कशाने करपलं कळत नाही हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत. आणि त्यांना काम द्या. एक वही द्या, रोज सकाळी डोळे कसे, भूक किती, वजन किती, गोळी घेतली का, लिहायचं. भावाची काळजी आहे ना, ती तिथे खर्च होऊ द्या. कोर्स संपल्यावर त्यांना वैद्याकडे जायचं असेल तर डिग्रीवाल्या वैद्याकडे जाऊ द्या, सक्करदऱ्याचं सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, तिथे मागचे सगळे रिपोर्ट घेऊन.

आणि डॉक्टर रागावतील म्हणून लपवताय ते सोडा. रागावले तर रागावले, दोन मिनिटं. आठ दिवस काढा झालाय हे सांगून टाका, ते एसजीपीटी परत कधी करायची ते ठरवतील. तोवर काढा बंद, टॉनिक बंद, गुळवेल बंद. बाटल्या आणि ती कांड्यांची पुडी मात्र फेकू नका, लेबलसकट पिशवीत घालून पुढच्या तारखेला सोबत न्या, कारण "काय घेत होते" विचारल्यावर "आयुर्वेदिक काहीतरी" या उत्तराने डॉक्टरांना काही कळत नाही.